शहराची वाढती वस्ती आणि कालव्याचें पाणी

धरणाखालीं ज्यांची जमीन आहे त्या आमच्या शेतकरी बंधूंस दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास एकच विवंचना असते: यंदा रब्बीस किती पाळ्या मिळणार? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर आकाशाकडे पाहून देतां येई. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस बरा झाला, धरण भरलें, कीं मनुष्य निश्चिंत होई. आतां धरण कांठोकांठ भरलें तरी कालव्याच्या शेपटास असलेल्या खातेदाराची धाकधूक जात नाहीं. कारण धरण व शेत यांच्या मध्यें एक शहर वाढत आहे. तें दहा वर्षांनीं केवढें होईल, त्यास किती पाणी लागेल, आणि तें कोणत्या उद्भवांतून, म्हणजे कोणत्या विहिरींतून, नदींतून वा धरणांतून उचललें जाईल, याचा अदमास नगरपालिकेचे इंजिनियर बांधीत असतात. ज्याच्या वांट्यांतून तें उचलावयाचें तो शेतकरी मात्र हा हिशेब करीत नाहीं. निर्णय होऊन गेल्यावर मोर्चा घेऊन जातो. वास्तविक हा हिशेब अवघड नाहीं. सातबारा वाचतां येणाऱ्या कोणासहि तो एका बैठकींत करतां येईल. तो कसा करावा हें आम्ही पुण्याच्या उदाहरणानें दाखवूं. कारण पुणें व त्याखालील हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांचा जो मामला आहे, तोच थोड्याफार फरकानें इतर वाढत्या शहरांखालींहि आढळतो.

प्रथम मापाची भाषा एक केली पाहिजे. शहरवाले लिटरांत बोलतात, पाटबंधारे खातें अब्ज घनफुटांत, म्हणजे ज्यास आतां सर्वत्र टी.एम.सी. म्हणतात त्यांत बोलतें, आणि आपण एकर व पाळी यांत बोलतों. तिन्ही पक्ष एका सभेंत बसूनहि एकमेकांचें म्हणणें एकमेकांस कळत नाहीं तें यामुळेंच. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. तेंच पाणी जमिनीवर फूटभर उभें केलें तर सुमारे २३,००० एकर व्यापील.

भुयारी गटारें असलेल्या शहरांत दरमाणशी दररोज १३५ लिटर व महानगरांत १५० लिटर पाणी पुरवावें, आणि गळती शेंकडा १५ हून अधिक नसावी, असें प्रमाण केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या पुस्तिकेंत धरलें आहे. घरांत १३५ लिटर पोंचावयाचें तर ही गळती जमेस धरून सुमारे १५९ लिटर उचलावें लागतें. एक लाख माणसांचें हें पाणी वर्षाला सुमारे ५८० कोटी लिटर, म्हणजे एक अब्ज घनफुटाचा पांचवा हिस्सा झालें. आतां हाच पांचवा हिस्सा कालव्यांत सोडला, आणि त्यांतील निम्मा वाटेंत मुरला असें धरलें, तरी तीन-तीन इंचांच्या तीन पाळ्यांप्रमाणें सुमारे तीन हजार एकर रब्बी ज्वारी भिजते. लाख माणसें म्हणजे तीन हजार एकर ज्वारी, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल. जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तेवढ्याच पाण्यांत ऊस मात्र, वर्षाला सात फूट पाणी धरतां, सव्वातीनशें एकरच होतो. शहराच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या कालव्याच्या मुखाकडील बागायतदारानें हा आंकडाहि एकदां नजरेखालून घालावा.

पुण्याचा पहिला मोठा उद्भव कात्रजचा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतून भुयारी नळानें शहरांतील हौदांस पाणी आणलें. शहर हौदांवर भागत होतें तोंवर त्याचा व खालच्या शेतकऱ्यांचा फारसा संबंध येत नव्हता. पुढें मुठा नदीवर खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. कॅप्टन फाइफ यांच्या नांवावरून त्या तळ्यास फाइफ तलाव म्हणत. हें धरण बांधण्यांत दोन हेतु होते: पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणाच्या पट्ट्यास कालव्याचें पाणी देणें, व पुणें-खडकी येथील छावण्यांस पिण्याचें पाणी पुरविणें. त्या वेळीं शहर व छावणी मिळून वस्ती लाख-सव्वा लाखाची. वर सांगितलेलें आजचें प्रमाण लाविलें तरी ती मागणी पाव अब्ज घनफुटांची होते. म्हणजे धरण शेतीचें, आणि शहर त्यांतील एक लहानसा हिस्सेदार, अशी मूळची वांटणी होती. ही वांटणी उलटी कशी झाली तें पुढील आंकडे सांगतात.

पुणें महानगरपालिकेच्या हद्दींतील वस्ती १९६१ सालीं सुमारे ६.०७ लाख, १९७१ सालीं ८.५६ लाख, १९८१ सालीं १२.०३ लाख, १९९१ सालीं १५.६७ लाख, २००१ सालीं २५.३८ लाख व २०११ सालीं ३१.२४ लाख होती. याच काळांत धरणेंहि वाढलीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाहि गेला. ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पुढें दोन्ही धरणें पुन्हां उभीं राहिलीं, त्यांत वरसगांव व टेमघर यांची भर पडली. आज चारी धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९.१५ अब्ज घनफूट धरला जातो: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगांव १२.८२ व टेमघर ३.७१. खडकवासल्याचा नवा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांबीचा असून तो इंदापूर तालुक्यापर्यंत जातो.

आतां अदमास कसा बांधतात तें पाहूं. समजा, आपण १९९१ सालीं बसलों आहोंत व २०११ ची वस्ती काढावयाची आहे. पहिली रीत सरळ बेरजेची. १९६१ पासून तीस वर्षांत ९.६० लाख माणसें वाढलीं, म्हणजे दर दहा वर्षांस ३.२० लाख. त्याप्रमाणें २०११ सालीं २२ लाख येतात. दुसरी रीत चक्रवाढ व्याजाची, जी सावकाराच्या कृपेनें आपणां सर्वांस पाठ आहे. दर दहा वर्षांस वस्ती सरासरीनें १.३७ पट होत आली; त्याप्रमाणें २००१ सालीं साडेएकवीस लाख व २०११ सालीं साडेएकोणतीस लाख येतात. तिसरी एक रीत आहे, तींत वाढींतील वाढहि मिळवितात. तिचें उत्तर पावणेचोवीस लाखांच्या आसपास येतें. जुन्या, स्थिरावलेल्या गांवास पहिली रीत बरी, व उद्योगधंद्यांमुळें जोरानें फुगणाऱ्या शहरास दुसरी बरी, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

परंतु प्रत्यक्ष खानेसुमारींत काय निघालें? २००१ सालीं २५.३८ लाख. सर्वांत सढळ रीतीनें काढलेल्या अंकापेक्षांहि जवळजवळ चार लाख अधिक. ही चार लाख माणसें कोठून आलीं? कांहीं नवीं आलीं खरीं, पण पुष्कळशीं आधींच तेथें होतीं. १९९७ सालीं महानगरपालिकेची हद्द वाढून भोंवतालचीं गांवें शहरांत आलीं. त्या रात्रीं कोणाच्या घरीं पाळणा हलला नाहीं कीं परगांवाहून कोणी बिऱ्हाड आणलें नाहीं. पण तोंवर विहीर, ओढा व नदी यांवर भागविणारीं माणसें हळूहळू धरणाच्या नळावर आलीं. २०१७ सालीं आणखी ११ व २०२१ सालीं आणखी २३ गांवें याच मार्गानें हद्दींत घेतलीं.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. शहराची वस्ती पायरीपायरीनें वाढते, पण एखाद्या उद्भवावरील भार उडी मारून वाढतो. ती उडी बहुधा तीन कारणांनीं पडते: हद्द वाढते तेव्हां, जुने लहान उद्भव सोडून दिले जातात तेव्हां, आणि नळांची गळती हाताबाहेर जाते तेव्हां. नुसतीं डोकीं मोजणारास यांपैकीं एकहि दिसत नाहीं. म्हणून डोकीं शहराच्या हिशेबीं न मोजतां उद्भवाच्या हिशेबीं मोजावीं. या धरणावर आज किती तोंडें आहेत, व पांच वर्षांनीं किती येतील, असा प्रश्न करावा.

गळतीचें महत्त्व किती तें पाहण्यासारखें आहे. २०११ ची ३१.२४ लाख वस्ती घेऊं व महानगराचें १५० लिटरांचें प्रमाण लावूं. गळती शेंकडा १५ धरली तर वर्षाला ७.१ अब्ज घनफूट पाणी उचलावें लागतें. तीच गळती शेंकडा ३५ झाली तर ९.३ अब्ज. फरक सव्वादोन अब्जांच्या आंत-बाहेर, म्हणजे आमच्या वरील मापानें तेहतीस हजार एकर ज्वारी. एवढी ज्वारी फुटक्या नळाखालीं मुरते आणि तिचा दाणा कोणाच्याहि पोटांत जात नाहीं.

हाच हिशेब पुढें नेऊं. २००१ ते २०११ या दशकांत वस्ती १.२३ पट झाली. तोच वेग राहिला तर २०३१ सालीं ४७ लाख होते. त्यांत नव्या गांवांची वस्ती वेगळी मिळवावी लागेल. ती उदाहरणादाखल पांच लाख धरूं. गळती शेंकडा १५ वर आणली तर ४७ लाखांस पावणेअकरा अब्ज व गांवांसुद्धां बारा अब्जांस थोडें कमी पाणी पुरतें. गळती शेंकडा ३५ राहिली तर नुसत्या ४७ लाखांसच चौदा अब्ज लागतात. पाटबंधारे खात्यानें पुणें महानगरपालिकेस खडकवासला साखळींतून वर्षाला ११.५ अब्ज घनफुटांचा कोटा ठरवून दिला होता, व प्रत्यक्ष उचल त्याहून पुष्कळ अधिक होते असें त्या खात्याचें म्हणणें वर्तमानपत्रांतून वारंवार येत आलें आहे. म्हणजे त्या कोट्यांत भागेल कीं नवा उद्भव शोधावा लागेल, याचा निकाल जन्ममृत्यूच्या नोंदवहींत लागावयाचा नसून बव्हंशीं नळाच्या सांध्यांत लागावयाचा आहे. शहरांतील रहिवाशांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. झोपडपट्टींतील मनुष्यास हंडाभर पाण्यासाठीं ताटकळावें लागतें, आणि त्याच्याहि नांवावर सरासरीचें पाणी खर्ची पडतें, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं.

आणखी एक गोष्ट बहुतेक हिशेबांतून सुटते. वर्षाच्या आंकड्यावरून शेतीची तूट कळत नाहीं. पावसाळ्यांत शहरानें उचललेलें पाणी बहुधा सांडव्यावरून जाणाऱ्यापैकींच असतें. तें आपल्या वांट्यांतून गेलें असें म्हणतां येत नाहीं. खरा प्रश्न ऑक्टोबरच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या नऊ महिन्यांचा. कोट्याप्रमाणें ११.५ अब्ज वर्षाला घेतले तर नऊ महिन्यांत सुमारे ८.६ अब्ज जातील. उचल वर्षाला १८ अब्जांची आहे असें उदाहरणादाखल धरलें तर नऊ महिन्यांत साडेतेरा अब्ज. फरक ४.९ अब्जांचा, म्हणजे पंचाहत्तर हजार एकर ज्वारीचा. हा फरक वरच्या भागांतील चाऱ्यांस फारसा जाणवत नाहीं. तो सगळा शेपटाकडे ढकलला जातो, आणि बऱ्याचदां उन्हाळी आवर्तन पुढें जाणें किंवा रद्द होणें, या रूपानें प्रगट होतो. तालुका कचेरींत पीकपाहणीचे तक्ते ज्यांनीं वर्षानुवर्षें लिहिले आहेत, त्यांस शेपटाकडील गांवांत बागायत या सदराखालील आंकडे कसे आंखडतात हें सांगावें लागत नाहीं.

एक उद्भव पुरेनासा झाला कीं शहर शेजारच्या खोऱ्याकडे वळतें. तेथेंहि पाणी बेवारस नसतें. खेड तालुक्यांतील भामा-आसखेड धरण शेतीसाठीं बांधलेलें. त्याचें पाणी २०२१ सालापासून नळानें पुण्याच्या पूर्वभागास येऊं लागलें. पवना धरणापासून पिंपरी-चिंचवडला बंद नळानें पाणी नेण्याची योजना निघाली तेव्हां नदीकांठच्या मावळांतील शेतकऱ्यांस भय वाटलें कीं, नदींतून वाहणारें पाणी नळांत गेल्यावर आमच्या उपसा सिंचनाचें काय. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावरील आंदोलनांत गोळीबार होऊन तीन शेतकरी प्राणांस मुकले व ती योजना रखडली. पाण्याचा हिशेब आधीं समोरासमोर बसून न केल्यास तो कोठें जाऊन पोंचतो, याचें याहून दुःखद उदाहरण आमच्या माहितींत नाहीं.

मुंबईची गोष्ट थोडक्यांत सांगतों. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. हे तीन तलाव, त्यांतील तानसा टप्प्याटप्प्यानें वाढवीत, पुष्कळ वर्षें पुरले. त्यानंतर वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालीं, अप्पर वैतरणा १९७३ सालीं, १९८० नंतर भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. १९५१ सालीं बृहन्मुंबईंत तीस लाखांच्या आंत वस्ती होती, ती २०११ सालीं १२४ लाखांवर गेली. पहिले दोन तलाव साष्टी बेटांत. पुढचे सर्व ठाणें व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांत. भातसा तर सिंचनाचाहि प्रकल्प, पण त्याच्या पाण्याचा मोठा भाग मुंबईस जातो, आणि ज्या शहापूर तालुक्यांत तो आहे तेथील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते.

कायद्याची बाजूहि शेतकऱ्यानें जाणून घ्यावी. २००३ च्या राज्य जलनीतींत पिण्याचें पाणी प्रथम, उद्योग दुसरे व शेती तिसरी, असा क्रम होता. २०११ सालीं तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली. पिण्याचा हक्क पहिला, याविषयीं कोणी शहाणा शेतकरी तक्रार करणार नाहीं. पण शहराच्या नळांतून जातें तें सर्वच पिण्याचें नसतें. बंगल्याची बाग, पोहण्याचा तलाव, मोटारी धुण्याची जागा व बांधकामाचा हौद हीं सर्व पिण्याच्या नांवाखालीं पहिल्या क्रमांकांत जाऊन बसतात. या मिश्रणाकडे आमच्या मतें जितकें लक्ष जावयास हवें तितकें गेलेलें नाहीं.

शहराच्या पाण्याचा जमेचाहि एक रकाना आहे. शहरांत आलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ८० सांडपाणी होऊन बाहेर पडतें असें धरतात. बारा अब्ज आंत गेलें तर साडेनऊ अब्ज बाहेर येतें. पुण्याचें हें पाणी मुळा-मुठेंतून भीमेस मिळून उजनीकडे जातें. तें वाटेंतच वळवून शेतीस द्यावें म्हणून मुंढवा येथून वर्षाला ६.५ अब्ज घनफूट शुद्ध केलेलें सांडपाणी उचलून जुन्या कालव्यांत, ज्यास लोक बेबी कालवा म्हणतात, सोडण्याची योजना झाली. कल्पना उत्तम, धरणाचें पाणी शहरास व शहराचें पाणी शेतास, असा हा मोबदला. पण मोबदल्याच्या व्यवहारांत माल तपासून घ्यावा लागतो. सांडपाणी पुरतें शुद्ध न होतां कालव्यांत आलें तर जमीन चोपण होते, विहिरींस वास येतो, व कच्च्या खाण्याच्या पालेभाजीस तें मुळींच चालत नाहीं. ज्यांस असें पाणी मिळतें त्यांनीं पाण्याचा व मातीचा नमुना वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, तपासून घ्यावा आणि अहवाल संस्थेच्या दप्तरीं ठेवावा. शिवाय मुंढव्याचा कालवा ज्या गांवांस पोंचतो त्यांचीच भरपाई होते. इंदापुराकडील शेपटास त्याचा उपयोग नाहीं, हें लक्षांत ठेवूनच या साडेसहा अब्जांची जमा धरावी.

पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. तेथें आवर्तनें किती व केव्हां हें ठरतें. आपले प्रतिनिधि तेथें “पाणी द्या” एवढेंच मागतात, व “पाहूं” एवढें उत्तर घेऊन येतात. त्याऐवजीं त्यांनीं चार आंकडे लेखी मागावेत. आजच्या तारखेस साठा किती. शहराची गेल्या नऊ कोरड्या महिन्यांतील महिनावार उचल किती, आणि ती कोणत्या मापयंत्रावर मोजली. गेल्या वर्षभरांत किती नवीं गांवें वा वसाहती या धरणाच्या नळावर आल्या. आणि सांडपाण्यापैकीं किती परत मिळालें. २००५ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या पाणी वापर संस्थांस पाणी घनमापानें, म्हणजे मोजून, मिळावयाचें आहे; ज्यास स्वतःचें पाणी मोजून घ्यावें लागतें त्यास दुसऱ्याचें माप विचारण्याचा अधिकार आपोआप येतो. जेथें अशी संस्था नाहीं तेथें ती आधीं काढावी, कारण एकट्या खातेदाराच्या अर्जास मिळणारें उत्तर व संस्थेच्या पत्रास मिळणारें उत्तर यांत किती अंतर असतें तें दप्तर सांभाळणारांस ठाऊक असतें.

लहान कसब्यांखालील वाचकांनींहि हाच तक्ता मांडून पाहावा. चाळीस हजार वस्तीचें गांव मागल्या खानेसुमारींत तीस हजारांचें होतें असें समजा. वीस वर्षांनीं तें ७१ हजारांचें होईल व त्यास वर्षाला साडेचौदा कोटी घनफूट पाणी लागेल. तेवढें पाणी गांवच्या तलावांत आहे कीं नाहीं, व नसेल तर जवळचा बंधारा कोणाचा, हें पाहिलें कीं पुढील उद्भव कोणता तें कळून चुकेल. २०२१ सालची खानेसुमारी ठरल्या वेळीं झाली नाहीं, त्यामुळें आपण सर्व अजून २०११ च्या आंकड्यांवर चालत आहोंत. ती २०२७ सालीं घेण्याचें सरकारनें जाहीर केलें आहे. तिचे आंकडे हातीं येतांच वरील ४७ लाख खोडून त्या जागीं नवा अदमास घालावा, आणि हद्दींत आलेल्या गांवांची वस्ती पांच लाख न धरतां गांववार काढून मांडावी.